साक्षीच्या वहीतली एक दुरुस्ती

तेलुगू मुलखातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या कपाटात एक जुनी, लांबट वही आहे. तिच्यात लोकांच्या साक्षी लिहून ठेवल्या आहेत. त्यातल्या एका पानावर माझी साक्ष आहे आणि ती खरी नाही. मी आता ऐंशी ओलांडली आहे. हात कापतो, पण लिहिलेलं अजून वाचता येतं. ही पानं त्या वहीला जोडावीत, एवढ्यासाठी मी हे लिहितो आहे.

वही सुरू केली ती आमच्या जुन्या पाळकसाहेबांनी. ते जालन्याकडचे. आमची उपासना सकाळी साडेसातला असायची, अजूनही असते, कारण नऊ वाजता त्याच देवळात तेलुगू मंडळी येतात आणि त्याआधी बाकं मोकळी करून द्यावी लागतात. त्यामुळे उपदेश आटोपशीर व्हायचा. पण उपदेश ऐकून लोक सरळ इडली खायला जातात, याचं पाळकसाहेबांना फार वाईट वाटायचं. म्हणून त्यांनी एक रीत घातली. नव्या उपदेशाआधी ते दोघांना उभं करायचे आणि एकच विचारायचे, "मागच्या रविवारचं काय केलंत?"

दोन मिनिटं बोलायचं. रडायचं नाही, दुसऱ्याला शिकवायचं नाही, फक्त काय केलं ते सांगायचं. एक बाई म्हणाल्या होत्या, "सोमवारी सासूबाईंशी बोलले, त्यांनी उत्तर दिलं नाही. बुधवारी पुन्हा बोलले, त्या म्हणाल्या, भात गिचका झालाय." सगळे हसले, पाळकसाहेबही हसले. एक रेल्वेतले गार्ड होते, ते उभे राहून म्हणाले, "साहेब, काहीच केलं नाही." पाळकसाहेब म्हणाले, "खरं सांगितलंत, बसा." म्हणजे काहीच केलं नाही असं म्हणायची पूर्ण सोय होती. हे मी मुद्दाम लिहितो आहे. मला खोटं बोलायला कुणी भाग पाडलं नव्हतं.

मी तारनाक्याला रेल्वेच्या एका प्रशिक्षण संस्थेत कारकून होतो. आवाज चांगला, उच्चार स्वच्छ, म्हणून शास्त्रपाठ बहुतेक वेळा माझ्याकडे यायचा. लोक म्हणायचे, तुम्ही वाचलं की समजतं. मला ते आवडायचं.

एका रविवारी पाळकसाहेबांनी वाटेत मार खाऊन पडलेल्या माणसाच्या गोष्टीवर उपदेश केला. दोघे प्रतिष्ठित लोक त्याला पाहून बाजूने निघून जातात आणि परका शोमरोनी थांबतो, त्याच्या जखमा बांधतो, ती गोष्ट. ती आम्हाला लहानपणापासून पाठ होती. पाळकसाहेबांनी मात्र वेगळंच विचारलं. "जखमांवर ओतायला त्याच्याजवळ तेल आणि द्राक्षारस कुठून आला? तो काही औषधं घेऊन निघाला नव्हता. ती त्याची स्वतःची शिदोरी होती. या आठवड्यात तुमच्या शिदोरीतलं काहीतरी कमी होऊ द्या."

आमच्या मंडळीतले एक वृद्ध सभासद तेव्हा अंथरुणाला खिळले होते. रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिन ड्रायव्हर. सगळे त्यांना ड्रायव्हरबाबा म्हणायचे. बायको गेलेली, मुलगी सोलापूरला दिलेली. रेल्वे वसाहतीमागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचे आणि अर्धांगवायूने उजवी बाजू गेली होती. दर शनिवारी संध्याकाळी मी त्यांना स्तोत्रं वाचून दाखवायला जात असे. खुर्ची दाराजवळ ओढून घेत असे, कारण खोलीत वास यायचा. त्यांच्या पाठीला, कमरेखाली, पडून पडून जखमा झाल्या होत्या.

"कारकुना," ते अर्धवट जिभेने म्हणायचे, "तू पढतो बढिया. पण त्या स्तोत्रात पाठ खाजवायचं काही आहे का बघ."

त्यांची पाठ बघायची ती शेजारीण. भिंतीला भिंत लागून घर. नांदेड जिल्ह्यातलं बौद्ध कुटुंब. नवरा कुठल्याशा गोदामात पहारेकरी, ती एका मोठ्या दवाखान्यात आया. वय पस्तीसच्या आसपास असेल. ड्युटीवरून आली की स्वतःच्या घरी चूल पेटवायच्या आधी ती ड्रायव्हरबाबांकडे यायची. पाणी उकळून, मीठ घालून, गार करून ठेवलेलं असायचं. जुन्या सुती लुगड्याचे तुकडे धुऊन, इस्त्री करून आणलेले असायचे. ते तिच्या आईचं लुगडं होतं, हे मला खूप नंतर कळलं.

मी एकदा विचारलं, "बाई, तुम्ही हे कशासाठी करता?"

"कण्हतात ते मला भिंतीतून ऐकू येतं, साहेब. झोप लागत नाही. म्हणून करते," ती म्हणाली. "तुम्ही वाचा. पण वाचून जखम सुकली असती तर एवढाले दवाखाने कशाला बांधले असते?"

ड्रायव्हरबाबा असे हसले की तिला त्यांची कूस धरून ठेवावी लागली.

त्या उपदेशानंतरच्या शनिवारी मी नेहमीसारखा गेलो, दाराजवळ बसलो, नाकाला रुमाल लावला आणि ती जखम धुताना पाहिली. पहिल्यांदाच नीट पाहिली, एवढंच काय ते. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "मागच्या रविवारचं काय केलंत?"

मी उभा राहिलो आणि बोलू लागलो. ड्रायव्हरबाबांकडे गेलो होतो, म्हणालो. खोली कशी होती, वास कसा होता, मिठाचं पाणी, जुन्या लुगड्याची पट्टी, जखमेच्या कडा कशा हलक्या हाताने पुसाव्या लागतात, सगळं सांगितलं. मी पुसल्या असं म्हटलं नाही. पुसल्या गेल्या, असं म्हटलं. पाळकसाहेबांचे डोळे भरले. त्यांनी विचारलं, "तुम्ही केलंत हे? स्वतःच्या हाताने?"

मी मान हलवली.

त्या मान हलवण्याला वहीत एक पूर्ण पान मिळालं. माझं नाव घालून.

पुढच्याच आठवड्यात काचीगुड्याचं एक कुटुंब माझ्याकडे आलं. घरात आजी अंथरुणाला लागलेली. "भाऊ, तुम्हाला येतं म्हणे. एकदा येऊन दाखवा ना." मी आठवडाभरात येतो म्हणालो आणि त्याच संध्याकाळी शेजारीणबाईंकडे गेलो. साक्षीचं अर्थातच सांगितलं नाही. म्हणालो, "मला हे शिकायचं आहे."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रुमाल खिशात ठेवा मग. आणि घड्याळ काढा, बाबांना लागेल."

पहिल्या दिवशी मला उलटी झाली. मागच्या मोरीत वाकलो होतो, तर ती आतून म्हणते, "होऊ द्या. माझी चार दिवस होत होती. तुमची तीन दिवसांत थांबेल, तुम्ही शिकलेले लोक." ड्रायव्हरबाबा आतून ओरडले, "कारकुना, माझ्या पाठीचा एवढा अपमान नक्को!"

तिने मला कूस कशी बदलायची ते शिकवलं. खेचायचं नाही, चादरीसकट वळवायचं. टाचा उशीच्या बाहेर लोंबत्या ठेवायच्या म्हणजे तिथे जखम होत नाही. हाताने आधी आपल्याच गालाला लावून पाणी बघायचं. आणि काम करताना बोलत राहायचं, जखमेबद्दल सोडून कशाहीबद्दल. "माणूस आहे हे त्याला कळलं पाहिजे," ती म्हणाली. "नाहीतर त्याला वाटतं आपण भांडं झालो, घासून ठेवायलेत."

मी आयुष्यात शेकडो उपदेश ऐकले, पण माझ्या हातांना कळलेला उपदेश तो. मी मनापासून सांगतो, मला त्या वर्षाचा आनंद अजून आठवतो. तिची ड्युटी असली की ड्रायव्हरबाबांचं मी करू लागलो. काचीगुड्याच्या आजींचं केलं. मग आणखी कुणाकुणाचं. लोकांना वाटायचं हा पहिल्यापासून असाच आहे. मलाही हळूहळू तसं वाटायला लागलं. खोट्या साक्षीतून खरं काम निघालं, मग बिघडलं कुठे, अशी मी मनाची समजूत घातली.

बिघडलं ते ड्रायव्हरबाबा गेले त्या सकाळी.

ते पहाटे झोपेतच गेले. सोलापूरहून मुलगी यायची होती. मंडळी जमली. आमच्यातल्या एक बाई, अतिशय कामसू आणि शिस्तीच्या, दाराशी उभ्या राहून सगळी व्यवस्था पाहत होत्या. शेवटची अंघोळ घालायची, कपडे चढवायचे, शवपेटी आली की ठेवायचं. मी आत, गीतपुस्तक हातात घेऊन उभा होतो. तेवढ्यात शेजारीणबाई ड्युटीवरून आली. अंगावर दवाखान्याची निळ्या काठांची पांढरी साडी, खांद्याला पिशवी. गल्लीच्या तोंडाशीच तिला कळलं असावं. ती सरळ दारापर्यंत आली आणि म्हणाली, "बाबांना मी पुसते."

दाराशी असलेल्या बाई चांगल्या आवाजातच म्हणाल्या, "नको मावशी, आमच्या मंडळीची माणसं आहेत. तुम्ही जरा तिकडं थांबा."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला खात्री होती, मी आता सांगेन. एकच वाक्य पुरेसं होतं, यांनाच करू द्या, इतके दिवस यांनीच केलंय. पण ते वाक्य बोललो असतो तर वहीतलं ते पान फाटलं असतं. खोलीत पाळकसाहेब होते, मंडळीचा कारभार पाहणारे पंच होते. मी मान खाली घातली आणि पुस्तकात गीत शोधू लागलो. कुठलं गीत म्हणायचं ते ठरलेलं होतं, पानात बोटही घातलेलं होतं. तरी मी पानं उलटत राहिलो.

ती समोरच्या कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरबाबांना मी आणि दोघा पंचांनी पुसलं. पाळकसाहेबांनी दफनाआधी चार शब्द बोलताना माझ्या सेवेबद्दल प्रभूचे आभार मानले. मी बाहेर पाहिलं तेव्हा झाडाखाली कुणी नव्हतं. पुढे दोन-तीन महिन्यांत ते कुटुंब घर बदलून गेलं. मी चौकशी केली नाही.

त्यानंतर जुने पाळकसाहेब गेले, रीतही मोडली. आता आमचे नवे पाळक आहेत, तरुण, इथेच लहानाचे मोठे झालेले. दाराशी उभ्या राहिलेल्या बाईंचेच ते चिरंजीव. गेल्या वर्षी त्यांनी कपाट आवरताना ती वही काढली आणि ठरवलं की रीत पुन्हा सुरू करायची. पहिल्यांदा कोणाला उभं करायचं, यावर त्यांना विचार करावा लागला नाही.

ते घरी आले. "आजोबा, आईने तुमची साक्ष मला लहानपणी इतक्यांदा सांगितलीय की पाठ आहे. आमच्या मुलांना आता मराठी धड वाचता येत नाही. तुम्ही तुमच्या तोंडून सांगा. फोनवर रेकॉर्ड करून ठेवू."

मी म्हणालो, "पंधरा दिवस द्या."

शेजारीणबाईंचा पत्ता काढायला त्यातले दहा दिवस गेले. जुन्या गल्लीतल्या किराणावाल्याकडून तिच्या मुलाचा नंबर मिळाला. ती आता कुकटपल्लीला मुलाकडे राहते. मुलगा कंपनीत आहे. मेट्रोने गेलो, अमीरपेटला गाडी बदलताना दोनदा बसलो. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. दार तिनेच उघडलं. केस पांढरे, चष्मा, पण पाहायची पद्धत तीच.

"जय भीम, साहेब," ती म्हणाली. "टाचा सुजल्यात की तुमच्या. बसा, पाय वर घ्या."

चहा झाला. मी सगळं सांगितलं, साक्ष, मान हलवणं, वहीतलं पान. वाटेत मी वाक्यं जुळवून आणली होती, ती सगळी विसरलो. ती ऐकत राहिली आणि शेवटी चक्क हसली.

"एवढंच? अहो, माझ्या वॉर्डातले लोक रोज तेच करायचे. पुसायचे मी, सही त्यांची. मला त्याचं काही नाही."

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. मी म्हणालो, "मग येत्या रविवारी मी देवळात सांगतो. सगळं तुम्ही केलंत म्हणून. तुम्ही याल का ऐकायला?"

"मी कशाला येऊ? माझं कौतुक करू नका तिथं. मी काही तुमच्या देवासाठी केलं नव्हतं आणि माझ्या बुद्धासाठीही नव्हतं. झोप यायची नाही म्हणून केलं." तिने कप बाजूला सरकवला. "सांगायचंच असलं तर दाराचं सांगा."

मग म्हणालो, "ते घाईगडबडीत झालं. त्या बाईंना माहीत नव्हतं..."

"त्यांना नव्हतं माहीत. तुम्हाला होतं. तुम्ही पुस्तकात बघायलात, ते मी बघितलं." तिचा आवाज चढला नव्हता. "बाबांना सव्वा वर्ष मी पुसलं. शेवटचं तेवढं राहिलं. मी घरी आले आणि मिठाचं पाणी ठेवलेलं होतं, ते मोरीत ओतून दिलं. पुढं कित्येक दिवस वाटायचं, आपण तिथं कोण होतो?"

मेट्रोने परत येताना माझ्या लक्षात आलं की मी कबुलीही माझ्या सोयीची बेतली होती. दुसऱ्याच्या कामाचं श्रेय घेतलं, असं म्हटलं की लोक आणखीच मोठं मानतात. म्हणतात, काय नम्र माणूस आहे. दाराचं सांगितलं की तसं कुणी म्हणणार नाही. शिवाय त्यात नव्या पाळकांच्या आईंचा उल्लेख येणार होता. मी त्यांचं नाव घेणार नाही असं ठरवलं. दाराशी कुणी उभं होतं, एवढंच म्हणायचं. दोष माझा होता.

रविवारी पाळकांनी फोन समोर धरून विचारलं, "मागच्या रविवारचं काय केलंत, आजोबा?"

मी म्हणालो, "मागच्या रविवारचं नाही. फार जुन्या रविवारचं राहिलं आहे." आणि सांगितलं. साक्षीचं अर्ध्या मिनिटात उरकलं. बाकी सगळा वेळ दाराचं सांगितलं. मी कुठे उभा होतो, ती कुठे, तिने कोणाकडे पाहिलं, मी कुठे पाहिलं. बाबांना सव्वा वर्ष पुसलेल्या बाईला बाबांजवळ येऊ दिलं नाही आणि मी बोललो नाही, असं म्हणालो. मग खाली बसलो. पाळकांचा हात तसाच फोन धरून राहिला होता. बायकांच्या बाजूला कुणीतरी खोकलं. त्या दिवशीचा उपदेश काय होता, ते मला आठवत नाही.

बाहेर पडताना कुणी हात मिळवला नाही. तेलुगू मंडळींच्या चपला पायरीवर जमू लागल्या होत्या. पाळकांच्या आई काठी टेकत माझ्याजवळ आल्या. आता त्याही अठ्ठ्याहत्तरच्या.

"निळ्या काठांची साडी होती," त्या म्हणाल्या. "मी होते दाराशी. तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"तुम्हाला माहीत नव्हतं, बाई."

"विचारलं असतं तर कळलं असतं की. मी विचारलंच नाही. साडी बघितली आणि थांबा म्हटलं." थोडा वेळ त्या काठीशी चाळा करत राहिल्या. "भाऊ, मला त्यांच्याकडे न्या. फोनवर नको."

पुढच्या शनिवारी पाळकांनी आम्हाला गाडीने कुकटपल्लीला सोडलं. काय बोलायचं हे मी आईंना विचारलं नव्हतं. त्यांनी आत गेल्यावर, बसायच्याही आधी, हात जोडून म्हटलं, "मी तुम्हाला दारातून परत पाठवलं होतं. माझं चुकलं."

शेजारीणबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. ठीक आहे, असं काही ती म्हणाली नाही. तिने विचारलं, "बाबांना कुठं ठेवलंय? मला कुणी सांगितलंच नाही."

तेव्हा आम्हाला कळलं की इतक्या वर्षांत तिने ती जागा पाहिलेली नाही.

"आत्ता जाऊ या?" पाळकांच्या आई म्हणाल्या.

"थांबा, साडी बदलते."

कबरस्थानात सकाळचं ऊन होतं. मला जागा सापडायला वेळ लागला, कारण आजूबाजूला पुष्कळ नव्या कबरी झाल्या आहेत. ड्रायव्हरबाबांच्या दगडावर धूळ आणि पक्ष्यांची घाण साचली होती, अक्षरं अर्धी बुजली होती. तिने विचारलं, "डोकं कुणीकडं?" मी दाखवलं. ती त्या बाजूला गुडघे मोडून बसली, तिच्या वयाला सोपं नव्हतं ते. पिशवीतून तिने धुतलेला मऊ फडका काढला.

"बाबा, आले बरं का," ती म्हणाली. "उशीर झाला. ट्राफिक लई आहे आता, तुमच्या वेळेसारखं राहिलं नाही." आणि पुढे ती बोलतच राहिली, नातवाच्या शाळेबद्दल, सुनेच्या हातच्या भाकरीबद्दल, घासताना हात न थांबवता. पाळकांच्या आईंनी काठी माझ्या हातात दिली आणि नळावरून बाटली भरून आणली. तिने पाणी गालाला लावून पाहिलं, मग ओतलं. एक बाटली पुरली नाही. पाळकांच्या आई पुन्हा निघाल्या तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "ताई, जरा सावकाश. तिथं दगड वर आलाय."

मीही माझी प्यायच्या पाण्याची बाटली दगडावर रिकामी केली आणि त्यांच्या मागोमाग नळाकडे गेलो.